गरीब होता, भंगार नव्हता

आयपीएलचा लिलाव तोंडावर आला की आपल्याकडच्या क्रीडापानांवर आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. अमेरिकेत ओकलंड ॲथलेटिक्स नावाचा एक कफल्लक बेसबॉल संघ होता. २००१चा मोसम संपला आणि त्याचे तीन बिनीचे खेळाडू पैसेवाल्या क्लबांनी उचलले. संघाचा जनरल मॅनेजर बिली बीन डगमगला नाही. त्याने संगणकावर आकडे मांडले, बाजारात ज्यांना कुणी विचारत नव्हतं असे खेळाडू कवडीमोलाने गोळा केले आणि त्यांच्या जोरावर २००२मध्ये सलग २० सामने जिंकून दाखवले. तात्पर्य काय, तर पैसा नको, डोकं हवं.

गोष्ट झकास आहे, आणि ब्रॅड पिटने २०११च्या ‘मनीबॉल’मध्ये ती वठवलीही झकास. मायकल लुईस यांचं २००३चं मूळ पुस्तक तर हातातून सुटत नाही. माझं भांडण आहे ते त्यातून काढलेल्या तात्पर्याशी. २००२च्या मोसमात उतरताना ओकलंडच्या हाताशी कोण कोण होतं, याची नुसती यादी केली तरी ते टिकत नाही. संघ गरीब होता, कबूल. पण तो भंगारातून उभा राहिलेला नव्हता. त्या वेळच्या सगळ्यांत बळकट तरुण संघांपैकी तो एक होता. आणि तो स्वस्तात पडत होता याचं मुख्य कारण बीनचा संगणक नव्हता. तरुण खेळाडूला सहा वर्षं बांधून ठेवणारा अमेरिकी बेसबॉलचा नियम होता.

सिनेमा सुरू होतो तो ऑक्टोबर २००१मधल्या पराभवाने. न्यूयॉर्क यँकीजविरुद्धच्या पाच सामन्यांच्या मालिकेत ओकलंडने पहिले दोन सामने जिंकले आणि पुढचे तीन घालवले. तिसऱ्या सामन्यात यँकीजचा डेरेक जीटर आपली जागा सोडून पार पलीकडे धावत गेला, भरकटलेला चेंडू उचलून त्याने कॅचरकडे ढकलला आणि धाव पूर्ण करायला निघालेला ओकलंडचा जेरेमी गिआम्बी बाद झाला. सामना १-० असा गेला. बेसबॉलवेड्यांना हा क्षण तोंडपाठ आहे. पण त्याच्या आधीचे तीन महिने कुणी आठवत नाही. मोसमाच्या मध्यावर ओकलंडचे ४४ विजय आणि ४३ पराभव होते, म्हणजे अगदीच बेतास बात. उरलेल्या अर्ध्यात त्यांनी ५८ सामने जिंकले आणि अवघे १७ गमावले. वर्षअखेर १०२ विजय! त्याच वर्षी त्यांच्याच गटात सिअॅटलने ११६ सामने जिंकून जुन्या विक्रमाची बरोबरी केली, म्हणून ओकलंडचा पराक्रम झाकला गेला. १९९९मध्ये ८७, २००० साली ९१, २००१मध्ये १०२. वर्षागणिक चढत जाणारा हा संघ वसंतात सराव शिबिराला जमला, तेव्हा त्याला पुढच्या मोसमाची धास्ती कशाची असायला हवी होती?

तीन खेळाडू गेले त्याची, असं सांगतात. तर बघू या कोण गेले. जेसन गिआम्बी गेला, हे खरंच मोठं खिंडार. २००० साली तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, २००१मध्ये त्याने ३८ होम रन मारले होते. यँकीजने सात वर्षांचे १२ कोटी डॉलर मोजून त्याला नेला. जॉनी डेमन बोस्टनला गेला. नाव मोठं, पण ओकलंडमधलं त्याचं एकुलतं एक वर्ष सुमार होतं, बॅटिंगची सरासरी ०.२५६. तिसरा जेसन इझ्रिंगहाउझन, शेवटच्या इनिंगमध्ये येऊन सामना बंद करणारा पिचर. त्याच्या जागी ओकलंडने टोरांटोहून बिली कॉच आणला. हा काही अडगळीतला मोहरा नव्हता. ताशी १०० मैलांच्या आसपास चेंडू फेकणारा आणि तेच काम आधीच करून दाखवलेला नावाजलेला पिचर होता. बदल्यात ज्यांना दिलं त्यांतला एरिक हिन्स्की त्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. टाकाऊतून टिकाऊ काढण्याच्या कथेत हा सौदा बसवायचा कसा? इथे तर भाव चढत असलेला तरुण देऊन तयार माल घेतला होता. कॉचने २००२मध्ये ४४ सामने वाचवले, तेव्हा सौदा वाईट नव्हता. पण तो त्या गोष्टीतला नव्हता.

म्हणजे तिघांपैकी खरं मोठं नुकसान एकाचंच. आता राहिले कोण ते पाहा, कारण गोष्ट सांगणारे नेमके इथेच डोळे मिटतात.

क्रिकेटमध्ये कर्णधार एका डावात पाच-सहा गोलंदाज फिरवतो. बेसबॉलमध्ये सुरुवातीचा पिचर सामन्याचा मोठा भाग एकटा ओढतो आणि मग चार दिवस हात राखतो. प्रत्येक संघाकडे अशा पाचांची पाळी असते. त्यांतले दोन उत्तम असले तर संघाला प्लेऑफची स्वप्नं पडतात. ओकलंडकडे तीन होते. टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झिटो. २००१मध्ये मल्डरच्या नावावर २१ विजय, हडसनच्या १८, झिटोच्या १७. मोसम सुरू होताना हडसन २६ वर्षांचा, मल्डर २४चा, झिटो २३चा. तिघेही संघातच होते, कुणीही कुठे गेलेलं नव्हतं. पाचांच्या पाळीत तीन दिवस समोरच्या संघापुढे यांतला एक जण उभा राहणार, हे वेळापत्रक हाती आलं तेव्हाच ठरलेलं होतं. २००२मध्ये झिटोने २३ सामने जिंकले, ५ हरला आणि लीगच्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार पटकावला. मल्डर १९-७. हडसन १५-९, आणि तोही नऊ इनिंगमागे तीनपेक्षा कमी धावा देऊन. ओकलंडच्या १०३ विजयांपैकी ५७ या तिघांच्या नावावर आहेत. अर्ध्याहून जास्त. दोन तासांच्या सिनेमात ही तिघं जवळजवळ नाहीतच. एखाद्याने ‘शोले’ची गोष्ट जय-वीरूला वगळून सांगावी आणि श्रेय सूरमा भोपालीला द्यावं, तसा हा प्रकार आहे.

पिचरांवर यादी संपत नाही. शॉर्टस्टॉपला मिगेल तेहादा होता. २००२मध्ये त्याने ३४ होम रन मारले, १३१ धावा घरी आणल्या आणि तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. शेजारी तिसऱ्या बेसवर एरिक शावेझ, त्याचेही ३४ होम रन, शिवाय क्षेत्ररक्षणात सोन्यासारखे हात. उजव्या कोपऱ्यात जर्मेन डाय. आदल्या ऑक्टोबरात यँकीजशी खेळताना स्वतःच्याच बॅटचा चेंडू लागून त्याचा पाय मोडला होता, तरी वर्षभरात २४ होम रन. लीगचा सर्वोत्तम पिचर आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू, दोघे एकाच संघात, एकाच वर्षी! अशा संघाला टाकाऊ माणसांची फौज म्हणायचं?

बरं, हे आले कुठून? इथे गोष्टीतला दुसरा पदर उसवतो. सिनेमात म्हातारे स्काउट खोलीत बसून पोरांच्या जबड्याची ठेवण आणि मैत्रिणीचं रूप यांवर गप्पा मारतात. बीन त्यांना गप्प करतो. प्रेक्षक हसतात. पण हडसनला १९९७च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, सहाव्या फेरीत हुडकून काढलं ते याच स्काउटांच्या खात्याने. शावेझ १९९६च्या ड्राफ्टमधली दहावी निवड, मल्डर १९९८ची दुसरी, झिटो १९९९ची नववी. तेहादाला १९९३ साली डोमिनिकन रिपब्लिकमधून अवघ्या २,००० डॉलरच्या करारावर आणलं, तेव्हा बीन जनरल मॅनेजर व्हायला अजून काही वर्षं होती. (तेहादाने वय दोन वर्षांनी कमी सांगितलं होतं हे २००८मध्ये उघड झालं, तो भाग निराळा.) या काळात बहुतांश वर्षं स्काउटिंगचा प्रमुख होता ग्रेडी फ्यूसन. सिनेमात बीन त्याला भांडणानंतर हाकलून देतो. प्रत्यक्षात तो २००१नंतर टेक्सासकडे चांगल्या जागेवर गेला, आणि पुढे ओकलंडकडे परतलाही. ज्या माणसाच्या खात्याने संघाचा कणा उभा केला, त्यालाच सिनेमाने मूर्खांचा म्होरक्या करून टाकलं. प्रशिक्षक आर्ट हाउ यांचंही तेच झालं. सिनेमातल्या चित्रणावर ते उघडपणे चिडले होते, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं.

आता त्या प्रसिद्ध मोळीकडे वळू. स्कॉट हॅटेबर्ग हा कोपराच्या दुखापतीने फेक गमावलेला कॅचर. त्याला पहिल्या बेसवर उभा केला. डेव्हिड जस्टिस, छत्तिशीला टेकलेला. आणि जेरेमी गिआम्बी, चॅड ब्रॅडफर्ड. सिनेमात हे चौघे २००२साठी खास गोळा केलेले. वास्तविक जेरेमी गिआम्बी २०००पासून ओकलंडमध्येच होता. जीटरने बाद केला तो हाच की! त्याच मालिकेत जो बाद झाला तो त्या मालिकेनंतर कसा सापडेल? ब्रॅडफर्डही २००१मध्ये ओकलंडसाठीच खेळलेला होता. जेरेमीला तर मे महिन्यात बीनने फिलाडेल्फियाला देऊनही टाकलं. चार नवरत्नांपैकी खरोखर नवीन दोन.

त्या दोघांबद्दल माझ्या मनात आदर आहे. हॅटेबर्गची बेसवर पोहोचण्याची टक्केवारी, म्हणजे शंभर वेळा बॅट घेऊन गेल्यावर बाद न होता किती वेळा बेस गाठला तो हिशेब, ३७च्या पुढे होती. जस्टिसचीही तेवढीच. आणि बाद न होता बेस गाठणं ही मोलाची गोष्ट आहे आणि बाजार तिला कमी भाव देतो, हे बीन आणि त्याचा सहायक पॉल डिपोडेस्टा यांनी ओळखलं होतं, यात शंका नाही. (सिनेमातला गुबगुबीत पीटर ब्रँड हे डिपोडेस्टाचं बदललेलं रूप, त्याने स्वतःचं नाव वापरू दिलं नाही.) प्रश्न आहे तो या शोधाने २००२मध्ये किती काम केलं याचा.

सिनेमात एक प्रसिद्ध गणित आहे. गेलेल्या जेसन गिआम्बीची टक्केवारी ४७.७, डेमनची ३२.४, तिसरा धरला ओल्मेदो साएन्स, त्याची २९.१. तिघांची सरासरी ३६.४. म्हणजे गिआम्बी एकटा परत मिळवायचा नाही, ३६.४ची तीन माणसं आणायची की हिशेब जुळला. वर्गात फळ्यावर लिहायला फार सोयीचं. फक्त हिशेब जुळला का ते कुणी पाहत नाही. २००१मध्ये ओकलंडने ८८४ धावा केल्या होत्या, २००२मध्ये ८००. चौऱ्याऐंशी धावा कमी! लीगभर धावा त्या वर्षी किंचित उतरल्या, पण त्या घसरणीत या ८४चा दशांश भागही जेमतेम बसेल. गिआम्बी नुसता बेसवर पोहोचत नव्हता, चेंडू भिंतीपलीकडे पाठवत होता, आणि तो भाग सरासरीत धरलेलाच नव्हता. मग विजय १०२चे १०३ कसे झाले? दिलेल्या धावा पाहा. २००१मध्ये ६४५, २००२मध्ये ६५४. बॅटिंग खाली आली आणि पिचिंगने, क्षेत्ररक्षणाने ती भिंत धरून ठेवली. ज्या भागाची कथा सांगतात तो ढासळला, ज्याची सांगत नाहीत तो टिकला. गोष्टीचा नायक चुकीचा निवडला गेलाय, असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

यावर मनीबॉलभक्तांचं ठरलेलं उत्तर असतं, आणि ते पोकळ नाही, म्हणून नीट घेऊ या. ते म्हणतात, सिनेमा सोडा, पुस्तक वाचा. लुईस यांचा विषय पिचर नव्हतेच. बाजारात कशाला किंमत कमी लागते, हा होता. शिवाय झिटोची निवड बीननेच रेटली, स्काउटांचा कल दुसरीकडे होता. हे दोन्ही मान्य. पण झिटोची निवड बीनच्या खात्यात टाकली तरी काय सिद्ध होतं? झिटो देशातल्या नवव्या क्रमांकाची निवड होता, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा नामांकित पिचर. नवव्या क्रमांकावर हक्काने बसून उत्तम पोरगा उचलणं ही चांगली निवड आहे, टाकाऊतून टिकाऊ नव्हे. आणि विषय मर्यादित ठेवणं हा लेखकाचा हक्कच आहे. पण मग त्या मर्यादित विषयावरून अख्ख्या संघाच्या यशाचं सूत्र सांगण्याचा हक्क वाचकाला कुणी दिला?

दुसरं उत्तर जास्त भावनिक असतं. चार कोटी डॉलरच्या पगारखर्चात, यँकीज त्याच्या तिप्पट उधळत असताना, १०३ सामने जिंकले, हे तरी मान्य करा. करतो. पण ते चार कोटी एवढेच का लागले ते विचारा. अमेरिकी बेसबॉलमध्ये खेळाडू पहिली सहा वर्षं त्याच क्लबला बांधलेला असतो. त्यांतली पहिली सुमारे तीन वर्षं क्लब देईल तेवढं घ्यायचं, २००२मध्ये किमान पगार होता २ लाख डॉलर. नंतरची तीन वर्षं लवादाकडे जाता येतं. बाजारात स्वतःची बोली लावून घ्यायला मिळते ती त्यानंतर. साय यंग जिंकणाऱ्या झिटोला त्या वर्षी मिळाले सुमारे ३ लाख डॉलर. गिआम्बीला यँकीजने दिलेली वर्षाची सरासरी होती १ कोटी ७० लाख. हडसन, मल्डर, झिटो, शावेझ, तेहादा एकाच वेळी या सहा वर्षांच्या खिडकीत होते. बिली बीनने बाजार जिंकला असं म्हणतात; खरं तर त्याच्या संघातल्या उत्तमोत्तम माणसांना बाजारात जायची मुभाच नव्हती.

खिडकी बंद झाल्यावर काय झालं ते सांगायला कुणी सिनेमा काढला नाही. २००३नंतर तेहादा बाल्टिमोरला गेला. डिसेंबर २००४मध्ये हडसन आणि मल्डर दोघांनाही दुसऱ्या क्लबांना देऊन टाकलं. झिटो २००६नंतर सॅन फ्रान्सिस्कोला. बीन तोच, संगणक तोच, तत्त्वज्ञान तेच. २००७मध्ये ७६ विजय, २००८मध्ये ७५, २००९मध्ये ७५.

आणि २००२च्या ऑक्टोबरचं काय? १०३ विजय मिळवलेल्या ओकलंडला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं ते मिनेसोटा ट्विन्सने, जवळपास तेवढ्याच पगारखर्चाच्या संघाने. आदल्या नोव्हेंबरात क्लबमालकांनी दोन संघ बंद करण्याचा ठराव केला होता आणि ट्विन्स त्यांतला एक मानला जात होता. ट्विन्सची रीत जुनी: आपल्या स्काउटांनी हेरलेली पोरं, क्षेत्ररक्षण, पिचिंग. आकड्यांचा गाजावाजा शून्य. पाचव्या, निर्णायक सामन्याच्या नवव्या इनिंगमध्ये ए. जे. पिएर्झिन्स्कीने कॉचला होम रन मारला आणि ओकलंडचा मोसम ५-४ असा संपला. त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज जिंकली ॲनाहाइम एंजल्सने. ते ओकलंडच्याच गटात ९९ विजयांसह दुसरे आलेले. चेंडूला बॅट लावा, धावत सुटा, बंट करा, बेस चोरा, म्हणजे मनीबॉलने ज्या ज्या गोष्टींची टर उडवली त्या सगळ्या करणारा संघ. पाच सामन्यांच्या मालिकेत नशिबाचा वाटा मोठा असतो, हा युक्तिवाद मला मान्य आहे. मग २० सामन्यांच्या मालिकेतही तो धरा. विसाव्या सामन्यात ओकलंडने ११-०ची आघाडी घालवून ११-११ केलं होतं, तेव्हा कुठे हॅटेबर्गला तो होम रन मारायची पाळी आली. त्या सामन्याची सुरुवात हडसनने केली होती. सिनेमा बघून हे कळणं कठीण.

हा सगळा खटाटोप एका जुन्या सिनेमासाठी कशाला, असं कुणी विचारेल. कारण या गोष्टीचा फायदा ज्यांना होतो ते मैदानावर नसतात. गिआम्बी पैशांअभावी गेला, असं गोष्ट सांगते. पण २००१च्या वसंतात ओकलंडनेच त्याच्यासमोर सहा वर्षांचा, ९ कोटी डॉलरच्या घरातला करार ठेवला होता. बोलणी अडली ती मुख्यतः त्याच्या मनाविरुद्ध त्याला दुसऱ्या क्लबला देता येणार नाही, या कलमावर. मालकांना ते कलम द्यायचं नव्हतं. म्हणजे पैसे नव्हते म्हणून नव्हे, हात बांधून घ्यायचे नव्हते म्हणून. पण ‘आम्ही गरीब, पण हुशार’ ही प्रतिमा एकदा चिकटली की मालकाला विचारणारं कुणी उरत नाही. पगार का वाढवत नाही? आम्ही मनीबॉल खेळतो. घडवलेला खेळाडू का विकला? आम्ही मनीबॉल खेळतो. मालक बदलले, तरी उत्तर बदललं नाही. ओकलंडच्या प्रेक्षकांनी हे उत्तर दोन दशकं ऐकलं, आणि २६ सप्टेंबर २०२४ला क्लबने ओकलंडच्या कोलिसियममधला शेवटचा सामना खेळून गाशा गुंडाळला. पुढच्या वर्षी तो वेस्ट सॅक्रामेंटोतल्या एका छोट्या मैदानावर पाहुणा म्हणून खेळला, नजर लास व्हेगासवर ठेवून.

सिनेमाच्या शेवटी पडद्यावर मजकूर येतो: बीनने बोस्टन रेड सॉक्सची नोकरी नाकारली, पण त्याचंच तत्त्वज्ञान वापरून रेड सॉक्सने २००४मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. भक्तांचा हा हुकमाचा पुरावा. २००४च्या रेड सॉक्सचा पगारखर्च यँकीजखालोखाल, देशात दुसऱ्या क्रमांकाचा होता. यँकीजविरुद्धच्या निर्णायक सातव्या सामन्यात त्यांच्यासाठी दोन होम रन मारणारा, त्यांतला एक तिन्ही बेस भरलेले असताना, तो माणूस कोण? जॉनी डेमन. ओकलंडला परवडला नाही असं ज्याच्याबद्दल सांगतात, तोच.